‘शॉक तर देणार नाही ना?’ : सिनेमातलं मनोरुग्णालय आणि आजचा उपचार

मुलाला किंवा बहिणीला पहिल्यांदाच मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन आलेले नातेवाईक आजाराचं नाव विचारण्याआधी पुष्कळदा एकच प्रश्न विचारतात: ‘डॉक्टर, शॉक तर देणार नाही ना?’ ससूनची ओपीडी असो नाहीतर कोथरूडचा खासगी दवाखाना, प्रश्न तोच. शॉक देताना त्यांनी कधी पाहिलेलं नसतं, घरात कुणाला दिलेला नसतो. तरी चित्र डोळ्यांसमोर पक्कं असतं. हातपाय चामडी पट्ट्यांनी बांधलेले, तोंडात कापडाचा बोळा, पांढऱ्या कोटातला माणूस खटका ओढतो, रुग्णाचं अंग ताडकन वर उडतं आणि किंकाळी बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत ऐकू जाते.

हे चित्र सिनेमानं दिलं आहे, आणि ते पूर्णपणे मनानं रचलेलंही नाही. म्हणून ‘सिनेमावाले काहीही दाखवतात’ असं म्हणून सोडून देता येत नाही. मनोरुग्णालयात कुणाची सत्ता चालते आणि कुणाचा आवाज दाबला जातो, याबद्दल सिनेमा अनेकदा खरं बोलला आहे. तिथे उपचार कसा होतो, याबद्दल मात्र तो चुकीचंच शिकवत आला आहे. प्रेक्षकाच्या मनात ही दोन्ही कालवली जातात, आणि त्याची किंमत कागदावर सही करायची वेळ आली की रुग्णाला मोजावी लागते.

आधी शॉकचंच बघू, कारण भीती सगळ्यात जास्त त्याची आहे.

डॉक्टर त्याला ईसीटी (इलेक्ट्रोकन्व्हल्सिव्ह थेरपी) म्हणतात. १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी या दोघांनी तो पहिल्यांदा वापरला. तेव्हा स्किझोफ्रेनिया किंवा तीव्र नैराश्यावर परिणामकारक म्हणावं असं एकही औषध नव्हतं. स्किझोफ्रेनियावरचं पहिलं परिणामकारक औषध, क्लोरप्रोमाझिन, १९५२ साली आलं. मेंदूत थोडा वेळ फिटसारखी स्थिती निर्माण केली की काही रुग्ण सुधारतात, हे लक्षात आलं होतं आणि ती स्थिती आणण्यासाठी वीज वापरली गेली. सुरुवातीच्या काळात भूल नव्हती, स्नायू सैल करणारं औषध नव्हतं. त्यामुळे अंग खरोखरच जोरात आखडायचं, कधी मणक्याचं हाड मोडायचं. सिनेमातलं दृश्य त्या काळातलं आहे.

आज काय होतं ते क्रमानं सांगते. आदल्या रात्रीपासून रुग्णाला उपाशी ठेवतात, छोट्या ऑपरेशनआधी ठेवतात तसंच. सकाळी शिरेत सुई लावतात, भूलतज्ज्ञ भूल देतो. रुग्ण झोपला की सक्सिनिलकोलिन नावाचं औषध जातं, त्यानं अंगातले स्नायू काही मिनिटांपुरते सैल पडतात. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असतो, दातांमध्ये रबरी ठोकळा. काही ठिकाणी एका पायाला रक्तदाब मोजण्याचा पट्टा आधीच घट्ट बांधून ठेवतात, म्हणजे सैल करणारं औषध त्या पावलापर्यंत पोहोचत नाही. मग कानशिलांपाशी लावलेल्या इलेक्ट्रोडमधून काही सेकंद वीज जाते. मेंदूतली फिट साधारण अर्धा-एक मिनिट चालते. ती आली की नाही, हे डॉक्टर त्या एका पावलाच्या हालचालीवरून आणि मेंदूच्या आलेखावरून बघतात. बाकीचं शरीर जवळपास स्थिर असतं. पाच-दहा मिनिटांत रुग्ण डोळे उघडतो, पुढे तासभर थोडा गोंधळलेला असतो. आठवड्यातून दोन-तीनदा, असे साधारण सहा ते बारा वेळा.

हे दृश्य सिनेमाच्या काहीच कामाचं नाही. किंकाळी नाही, झटापट नाही, खलनायकही नाही.

त्रास होतच नाही, असं मात्र कुणी सांगू नये. डोकं दुखतं. उपचाराच्या आधीच्या आणि नंतरच्या काही आठवड्यांच्या आठवणी पुसट होतात. बहुतेकांच्या परत येतात, काहींच्या आयुष्यातले काही तुकडे कायमचे हरवतात. मेंदूवर त्याचा नेमका कसा परिणाम होतो, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. असं असूनही तो दिला जातो, कारण काही अवस्थांत इतकं लवकर दुसरं काहीच काम करत नाही. खाणंपिणं सोडून भिंतीकडे तोंड करून पडलेला, हाक मारली तरी न हलणारा रुग्ण. आत्महत्येचा विचार एक क्षणही डोक्यातून न जाणारी बाई. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि तितका अवधी या माणसांपाशी नसतो. अशा वेळी घरच्यांच्या डोळ्यांसमोर पडद्यावरचा खटका आला आणि त्यांनी ‘नको’ म्हटलं, तर ते ‘नको’ जिवावर बेतू शकतं. या विषयावर लिहावंसं वाटलं ते यासाठीच.

आता या चित्राच्या उगमाकडे. ‘वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट’ हा मिलोश फोरमन यांचा १९७५ चा सिनेमा. तो ज्या कादंबरीवर आहे ती १९६२ ची. चित्रीकरण अमेरिकेतल्या ओरेगन राज्याच्या खऱ्याखुऱ्या सरकारी मनोरुग्णालयात झालं, आणि तिथले प्रत्यक्ष अधीक्षक डीन ब्रूक्स यांनी पडद्यावरच्या डॉक्टरची भूमिका केली. मॅकमर्फी हा बंडखोर रुग्ण नर्सचं ऐकत नाही, म्हणून त्याला भूल न देता शॉक देतात आणि शेवटी मेंदूची शस्त्रक्रिया करून त्याला निर्जीव करून टाकतात. कथेचा काळ १९६३ चा आहे. तोवर अमेरिकेत भूल देऊन शॉक देण्याची पद्धत रुळली होती. म्हणजे दृश्य त्या काळाच्या मानानंही मागचं होतं. पण दिग्दर्शकाला दाखवायची होती शिक्षा, आणि शिक्षा जागेपणी झाली तरच ती शिक्षा दिसते.

याआधीचा हॉलिवूडचा नामवंत सिनेमा, १९४८ चा ‘द स्नेक पिट’, रुग्णालयातली कोंदट गर्दी आणि अमानुषता निर्भीडपणे दाखवतो, तरी शॉक त्यात नायिकेला बरं करणाऱ्या उपचारांपैकी एक आहे. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत प्रत्यक्षातला शॉक सौम्य होत गेला आणि पडद्यावरचा क्रूर होत गेला. मला ही उलटी चाल फार बोलकी वाटते. त्या काळात संस्थांवरचा, सरकारवरचा, पांढऱ्या कोटावरचा लोकांचा विश्वास उडत होता, आणि तो राग दाखवायला शॉकचं यंत्र हाताशी होतं.

मेंदूच्या शस्त्रक्रियेचं, म्हणजे लोबोटॉमीचं, थोडक्यात. पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी ती १९३५ मध्ये सुरू केली, १९४९ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेलही मिळालं, आणि औषधं आल्यावर ती झपाट्यानं मागे पडली. तरी २००५ च्या ‘क्यों कि’ मध्ये सलमान खानच्या पात्रावर रुग्णालयाचा प्रमुख डॉक्टर ती स्वतःच्या मर्जीनं करून टाकतो. हा सिनेमा १९८६ च्या ‘तालवट्टम’ या मल्याळी सिनेमावरून घेतलेला, आणि त्याची मुळं ‘ककूज नेस्ट’ मध्ये. ओरेगनचा वॉर्ड असा फिरत फिरत आपल्या थिएटरात आला. आपल्या रुग्णालयांत काय चालतं, ते यात कुठेच आलेलं नाही. आज भारतात मेंदूवरची अशी शस्त्रक्रिया रुग्णाची संमती आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची (रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवणारं कायदेशीर मंडळ) परवानगी, या दोन्हींशिवाय करता येत नाही.

हिंदी सिनेमाची स्वतःची परंपरा वेगळी आहे. तिथे भीतीपेक्षा प्रेम जास्त. ‘खामोशी’ (१९६९) मध्ये वहिदा रेहमान राधा नावाची नर्स आहे. प्रेमभंगानं ढासळलेल्या रुग्णांना तिनं प्रेमाचं नाटक करून बरं करायचं, असा डॉक्टरांचा प्रयोग. तो १९५९ च्या ‘दीप ज्वेले जाइ’ या बंगाली सिनेमाचा रिमेक. अभिनय, छायाचित्रण, गाणी सगळंच असं आहे की अजूनही तो बघताना गळा दाटून येतो. मला तो आवडतो आणि तरीही सांगते, उपचाराचा नमुना म्हणून तो धोकादायक आहे. नर्सनं रुग्णाच्या प्रेमात पडल्याचं दाखवणं ही फसवणूक आहे आणि कुठल्याही वॉर्डात ती गंभीर चूक ठरेल. सिनेमालाही हे कळलेलं आहे: शेवटी राधा स्वतः त्याच खोलीत रुग्ण म्हणून जाते. पण बाहेर पडताना प्रेक्षकाच्या लक्षात राहतं ते पहिलं, की प्रेमानं माणूस बरा होतो.

‘खिलौना’ (१९७०) आणखी पुढे जातो. संजीव कुमारच्या पात्राला बरं करायला घरचे एका तवायफेला बायको म्हणून आणतात आणि त्या नात्यातून तो सावरतो. आपल्याकडे ‘लग्न करून द्या, आपोआप ठीक होईल’ हा सल्ला सिनेमाच्या आधीपासून होताच. सिनेमानं त्याला गाणी दिली आणि शेवट गोड करून दिला. या सल्ल्यापायी आजार लपवून लावलेली लग्नं आपल्या सगळ्यांच्या नात्यागोत्यात आहेत. त्यात दोन आयुष्यं मोडतात.

‘तेरे नाम’ बद्दल मला राग आहे. तो २००३ चा. डॉक्टर हरतात, मग नायकाला एका आश्रमात नेतात, तिथे साखळदंडात बांधलेली माणसं आहेत, आणि तिथेच तो बरा होतो. त्याच्या दोनच वर्षं आधी, ६ ऑगस्ट २००१ ला, तमिळनाडूतल्या एरवाडी इथे दर्ग्याजवळच्या अशाच एका खासगी निवासात पहाटे आग लागली आणि साखळ्यांनी जखडलेली २८ माणसं पळता न आल्यानं जळून मेली. सर्वोच्च न्यायालयानं त्याची स्वतःहून दखल घेतली होती. इतक्या ताज्या घटनेनंतर साखळी श्रद्धेच्या उजेडात दाखवायला नको होती.

आता सिनेमा जिथे खरा आहे तिथे येऊ.

‘दामिनी’ (१९९३) मध्ये नायिका बलात्काराची साक्षीदार आहे. तिची साक्ष मोडायची म्हणून तिला वेडी ठरवून मनोरुग्णालयात टाकतात. यातला वॉर्ड भडक आहे, पण मूळ मुद्दा शंभर टक्के खरा. नको असलेल्या बाईला ‘डोक्यावर परिणाम झालाय’ म्हणून दाखल करणं आपल्याकडे घडत आलं आहे, कधी घटस्फोटासाठी, कधी जमिनीच्या सातबाऱ्यावरच्या नावासाठी. १९१२ चा ब्रिटिशांचा कायदा रुग्णापेक्षा त्याला आत ठेवण्याचा जास्त विचार करायचा. १९८७ चा कायदा १९९३ मध्ये, म्हणजे ‘दामिनी’ आली त्याच वर्षी, लागू झाला. त्यातही रुग्णाच्या मताला फारसं वजन नव्हतं.

आज लागू आहे तो २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, अंमल २९ मे २०१८ पासून. तो वाचताना सतत वाटतं, की सिनेमातली एकेक तक्रार समोर ठेवून कुणीतरी कलमं लिहिली आहेत. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता शॉक: बंदी. साखळीनं बांधणं, कुठल्याही प्रकारे: बंदी. सक्तीनं डोकं भादरणं नाही. रुग्णाला स्वतःचे कपडे घालायचे असतील तर गणवेशाची सक्ती नाही. एकट्याला कोंडून ठेवणं नाही. तात्पुरतं आवरून धरावं लागलं, तर ते लगेचची इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं, गरजेपुरतंच, आणि शिक्षा म्हणून कधीच नाही. वॉर्डात काम करून घेतलं तर त्याचा मोबदला द्यायचा.

दाखल करण्याचे मार्ग मुख्यतः दोन. पहिला, माणूस स्वतः येतो. त्याला समजतंय, तो ‘हो’ म्हणतोय; मग तो इतर कुठल्याही रुग्णासारखा येतो आणि साधारणपणे स्वतःच्या इच्छेनं जाऊ शकतो. फार काळजीचं वाटलं तर डॉक्टर त्याला तपासणीसाठी चोवीस तास थांबवू शकतात. दुसरा, आजार इतका तीव्र आहे की त्याला निर्णय घेता येत नाही आणि तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल, नाहीतर स्वतःची मुळीच काळजी घेऊ शकणार नाही, अशी स्थिती आहे. तेव्हा त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे त्याच्या वतीनं बोलणारा माणूस, अर्ज करतो आणि दोन व्यावसायिक, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, वेगवेगळे तपासून मत देतात. सुरुवातीची मुदत जास्तीत जास्त तीस दिवस. मंडळाला सात दिवसांत कळवायचं; रुग्ण स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. ‘दामिनी’सारख्या प्रकरणांत हे तीन दिवस फार मोलाचे आहेत. मंडळाकडे रुग्ण स्वतः दाद मागू शकतो. शिवाय कायदा स्पष्ट म्हणतो, की कुणाचं वागणं घराच्या किंवा समाजाच्या नैतिक कल्पनांत बसत नाही, एवढ्यावरून त्याला मानसिक आजारी ठरवता येत नाही.

आणखी एक तरतूद लोकांना माहीतच नसते. आपण बरे असताना लिहून ठेवता येतं, की पुढे आजार बळावला तर मला कोणता उपचार हवा, कोणता नको आणि माझ्या वतीनं कुणी बोलावं. शॉक नको असेल तर तेही.

या कायद्याच्या मसुद्यात पुण्याचा वाटा आहे. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या आयएलएस संस्थेचं मानसिक आरोग्य कायदा आणि धोरणाचं केंद्र आहे, तिथले डॉ. सौमित्र पाठारे या कामात होते. त्याच रस्त्यावर चित्रपट संस्था आहे आणि १९६४ साली सुरू झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही. सिनेमा शिकवणारे, सिनेमा जपणारे आणि मनोरुग्णांचा कायदा घडवणारे पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. त्यांच्यात जास्त बोलणं व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. शॉक आणि रुग्णालयात ठेवणं यांनाच विरोध करणारा आवाजही याच शहरात उठला. भार्गवी दावर यांच्या बापू ट्रस्टनं तो अनेक वर्षं लावून धरला. त्यांची प्रत्येक गोष्ट पटो न पटो, रुग्णाचं म्हणणं आधी ऐका, हा त्यांचा आग्रह कायद्यात ठिकठिकाणी दिसतो.

सिनेमाला आजार खरेपणानं दाखवणं जमू शकतं, याची उदाहरणंही पुण्यातलीच आहेत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४). सुमित्राताई मुळात समाजकार्य शिकवणाऱ्या, कर्वे समाजसेवा संस्थेत. अतुल कुलकर्णीचा शेष स्किझोफ्रेनियाचा रुग्ण आहे, त्याची देवराई त्याच्या भ्रमांत मिसळली आहे, आणि सिनेमा त्याला भयंकर करत नाही की गोंडसही करत नाही. बहिणीची दमछाक, तिच्या संसारावरचा ताण, संशय, औषधं, पुन्हा बिघडणं. बरं होणं असलंच तर असं वळणावळणाचं. याच दोघांचा ‘कासव’ नैराश्यातल्या तरुणाची गोष्ट सांगतो. २०१६ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ त्याला मिळालं. त्यामागे उभे असलेले डॉ. मोहन आगाशे नट आहेत आणि मानसोपचाराचे प्राध्यापकही, आणि काही काळ ते चित्रपट संस्थेचे संचालक होते. दोन्ही घरं माहीत असलेला माणूस असला की काय फरक पडतो, ते तिथे दिसतं.

खऱ्या वॉर्डातला दिवस पडद्यावर आणणं अवघड आहे, हे मान्य. सकाळच्या गोळ्या, त्या गिळल्या का ते बघणारी नर्स, क्लोझापिन नावाचं औषध चालू असेल तर सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासणी, लिथियम या औषधाची रक्तातली पातळी, समुपदेशन, हातकाम, झोप लागली का याची नोंद. तीन आठवड्यांनी कुणीतरी स्वतःहून चहा मागतो आणि नर्सच्या दृष्टीनं ती मोठी बातमी असते. बहुतेक रुग्णांना तर दाखल व्हावंच लागत नाही, ओपीडीतून औषधं घेऊन ते घरी राहतात, नोकऱ्या करतात.

सिनेमानं जवळजवळ हातच लावलेला नाही अशी एक गोष्ट मात्र येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या भिंतीआड खरोखर आहे. राज्यातल्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी हे सगळ्यात मोठं, अडीच हजारांहून जास्त मंजूर खाटांचं. ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही बाकीची. अशा प्रत्येक ठिकाणी बरी झालेली, घरी जाण्यासारखी माणसं वर्षानुवर्षं आत आहेत, कारण न्यायला कुणी येत नाही. दिलेला पत्ता खोटा निघतो, घर विकलेलं असतं, भावाच्या मुलांना काका आठवत नाही. या रुग्णांना कुणी बांधलेलं नाही, शॉक दिलेला नाही. त्यांच्या गोष्टीतला खलनायक आपल्या ओळखीचा, आपल्याच सोसायटीत राहणारा माणूस आहे, आणि म्हणून कदाचित ती लिहायला जड जाते.

कायद्याचं एकोणिसावं कलम या माणसांसाठी आहे. केवळ घर नाही किंवा घरचे घेत नाहीत म्हणून कुणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. त्यांच्यासाठी वस्तीत राहण्याची सोय, म्हणजे रुग्णालय आणि घर यांच्या मधला टप्पा असलेली ‘हाफवे होम’सारखी निवासं, सरकारनं उभी करायची आहे. तुमच्या ओळखीत असं कुणी आत असेल तर पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करता येतो. घरात कुणाला आज मदत हवी असेल, तर ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र आणि मराठीतही चालतो. आणि डॉक्टरांनी ईसीटी सुचवलीच, तर ‘शॉक देणार का’ यावर थांबू नका. भूलतज्ज्ञ कोण असेल, किती वेळा द्यावी लागेल, आठवणींवर काय परिणाम होईल, दिली नाही तर दुसरा पर्याय काय आणि त्याला किती दिवस लागतील, हे सगळं विचारा, आणि उत्तरं मिळेपर्यंत सही करू नका.